शिधा, प्रार्थना आणि यादी : एका मिशन संस्थेच्या पूरमदतीचे प्रकरण

या प्रकरणातील संस्था, प्रदेश आणि माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून नावे व स्थळांचे तपशील गाळले आहेत. संस्थेने घेतलेले निर्णय, त्यामागची कारणे आणि त्यांचे परिणाम तेवढे ठेवले आहेत. गरजूला मदत करणे आणि त्याला सुवार्ता, म्हणजे येशू ख्रिस्ताविषयीचा शुभसंदेश, सांगणे ही दोन्ही कामे एकाच संस्थेने, एकाच वेळी, एकाच लोकांत केली की काय होते, हा या लेखाचा विषय आहे.

पार्श्वभूमी

नदीकाठच्या एका सखल भागात ही संस्था एका पिढीहून अधिक काळ काम करीत होती. एक लहान दवाखाना, मुलांसाठी संध्याकाळचे अभ्यासवर्ग आणि सुवार्ताकार्य असे तिच्या कामाचे स्वरूप होते. दवाखाना व वर्ग पगारी कर्मचारी चालवीत. सुवार्ताकार्य एक पूर्णवेळ सुवार्तिक आणि स्थानिक मंडळीतील, म्हणजे ख्रिस्ती उपासकांच्या समूहातील, काही स्वयंसेवक पाहत. मंडळी छोटी होती आणि आजूबाजूची बहुतेक वस्ती अन्य धर्मीयांची होती. संस्थेच्या घटनेत शब्द आणि कृती यांची सांगड घालण्याचे ध्येय लिहिलेले होते, मात्र ही सांगड रोजच्या कामात कशी घालायची याबद्दल त्यात एक ओळही नव्हती. शांत काळात तशी गरजही भासली नाही. दवाखान्यात आलेल्याला औषध मिळे, भिंतीवरचे वचन वाचायचे की नाही हे तो स्वतः ठरवी, आणि रविवारी उपासनेला कोण आले याचा केसपेपरशी काहीही संबंध नसे.

मोठा पूर आला तेव्हा या भागात कोरडे राहिलेले एकमेव मोठे छप्पर मंडळीच्या सभागृहाचे होते. साहजिकच धान्य, ताडपत्र्या आणि औषधे तेथेच उतरवली गेली. कोणत्या घरात किती माणसे आहेत हे मंडळीतील वडिलांना, म्हणजे तिचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांना, ठाऊक असल्याने लाभार्थींच्या याद्या त्यांनीच केल्या. रविवारी उपासनेनंतर स्वयंसेवक आयतेच जमलेले असत, म्हणून वाटप रविवारी दुपारी ठरले. आणि इतके लोक ओळीने बसलेले असताना पाच मिनिटे प्रार्थना व दोन शब्द बोलणे सुवार्तिकाला स्वाभाविक वाटले. यातील प्रत्येक गोष्ट सोयीची होती आणि एकही गोष्ट बैठकीत ठरलेली नव्हती. पुढे जो पेच निर्माण झाला तो एखाद्या चुकीच्या धोरणातून आला नाही. जेथे धोरणच नव्हते तेथे सोयीने आपली पद्धत बसवली, एवढेच घडले.

प्रश्न कसा समोर आला

काही आठवड्यांतच रविवारच्या उपासनेला येणाऱ्यांची संख्या कितीतरी पटींनी वाढली. सुवार्तिकाने परदेशातील सहयोगी मंडळीला पाठवलेल्या पत्रात या वाढीचे वर्णन आत्मिक जागृती असे केले. त्याच सुमारास एक विधवा दवाखान्यातील परिचारिकेला म्हणाली, "सिस्टर, पुढच्या रविवारी मला यायला जमणार नाही. माझं नाव कापतील का?"

नाव कापले जाण्याचा प्रश्नच नव्हता. यादीत उपस्थितीचा रकानाही नव्हता. पण ज्या वडिलांनी तिचे नाव लिहून घेतले तेच दाराशी उभे राहून येणाऱ्यांचे स्वागत करीत होते, तेच प्रार्थनेत पुढे होते आणि शिध्याची पिशवीही तेच हातात देत होते. या चारही कामांचा एकमेकांशी संबंध नाही हे तिला कळावे तरी कशावरून? परिचारिकेने हे बोलणे दवाखान्याच्या नोंदवहीत लिहून ठेवले आणि संचालिकेला दाखवले. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातील सर्वांत मोलाची कृती हीच होती, कारण तोवर संस्थेत कोणाचाही हेतू वाईट नसल्याने कोणाला काही खटकतही नव्हते.

यानंतर तीन गोष्टी लागोपाठ घडल्या. बाप्तिस्म्याची, म्हणजे ख्रिस्ती धर्मात प्रवेश देणाऱ्या पाण्याच्या विधीची, मागणी करणाऱ्या कुटुंबांची नावे पाळकांकडे, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंकडे, येऊ लागली. शेजारच्या एका गल्लीतील प्रमुखांनी, आमच्या लोकांना तुमच्या सभागृहात बसायचे नाही, असे सांगून मदत नाकारली. त्या गल्लीतील घरांचे नुकसान इतरांइतकेच झाले होते. आणि बियाणे व घरदुरुस्तीसाठी पैसे देणाऱ्या एका धर्मनिरपेक्ष मदतसंस्थेने विचारणा केली, की वाटपाच्या वेळी प्रार्थना होते हे खरे आहे काय?

या मदतसंस्थेने आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस चळवळ आणि स्वयंसेवी संस्थांसाठीची 1994 ची आचारसंहिता स्वीकारलेली होती. त्या संहितेचे तिसरे तत्त्व असे, की मदतीचा वापर विशिष्ट राजकीय किंवा धार्मिक भूमिका पुढे नेण्यासाठी केला जाणार नाही. येथे एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे, जो संस्थेतील अनेकांना प्रथम माहीत नव्हता. संस्थांना स्वतःची धार्मिक मते असण्याचा हक्क ही संहिता नाकारत नाही. मदत मिळणे त्या मतांच्या स्वीकारावर अवलंबून असता कामा नये, एवढाच तिचा आग्रह आहे.

पर्याय आणि त्यांवरील चर्चा

संचालिका, पाळक, सुवार्तिक, परिचारिका आणि वडीलमंडळाचे दोन प्रतिनिधी यांची बैठक बोलावण्यात आली. चर्चा सरळ झाली नाही. मिशनच्या क्षेत्रात हा वाद जुना आहे आणि बैठकीतील प्रत्येकजण त्या वादातील कोणत्या ना कोणत्या बाजूने घडलेला होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक प्रोटेस्टंट गटांनी समाजसेवेकडे संशयाने पाहिले, तर इतर काहींनी सेवेलाच सुवार्तेच्या जागी बसवले. 1974 मध्ये लोझान येथे भरलेल्या जागतिक सुवार्ताप्रसार परिषदेच्या करारनाम्याने, या दोन गोष्टी परस्परविरोधी मानल्याबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला. मात्र त्याच करारनाम्याने मंडळीच्या सेवाकार्यात सुवार्तेला अग्रस्थानही दिले, आणि प्राधान्याचा प्रश्न त्यामुळे मिटला नाही. पुढे 1982 च्या ग्रँड रॅपिड्स येथील विचारविनिमयात समाजकार्याचे सुवार्तेशी असलेले नाते तीन प्रकारे मांडले गेले : सुवार्तेचा परिणाम, सुवार्तेकडे नेणारा पूल आणि सुवार्तेचा जोडीदार.

पाळकांनी बैठकीत याच मांडणीचा आधार घेतला आणि त्यातूनच खरा मतभेद उघड झाला. सुवार्तिकाच्या मते मदत हा पूल होता. पूल बांधून कोणाला त्यावरून चालूच द्यायचे नाही, याला त्याच्या दृष्टीने काही अर्थ नव्हता. परिचारिकेचे म्हणणे असे, की पलीकडे जाण्याची दुसरी वाटच नसेल तर त्या पुलावरून चालणे ही निवड राहत नाही. घर वाहून गेलेला माणूस धान्य देणाऱ्याला नाही म्हणू शकत नाही, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या होकाराला विश्वास म्हणायचे कसे, असा तिचा प्रश्न होता.

पहिला पर्याय होता, चालू पद्धत तशीच ठेवून फक्त एक घोषणा करण्याचा : प्रार्थनेला बसणे ऐच्छिक आहे. हा सर्वांत सोपा मार्ग होता आणि वडीलमंडळ त्याला अनुकूल होते. पण भुकेलेल्याला केलेली अशी घोषणा त्याच्या मनातील हिशेब बदलत नाही, कारण तो शब्दांपेक्षा यादी कोणाच्या हातात आहे हे पाहतो.

दुसरा पर्याय होता, पूरमदत चालू असेपर्यंत सुवार्ताकार्य पूर्ण थांबवण्याचा. संचालिकेचा कल प्रारंभी इकडे होता, कारण त्यामुळे मदतसंस्थेचे समाधान झाले असते आणि काही देशांत आमिष दाखवून केलेल्या धर्मांतराविरुद्ध जसे कायदे आहेत, तशा कायद्यांचा धोकाही टळला असता. पाळकांनी याला ठाम विरोध केला. त्यांचा मुद्दा असा, की मंडळी ही पुराच्या आधीपासून तेथे आहे. तिने लोकांच्या सर्वांत कठीण दिवसांत आपला विश्वास झाकून ठेवणे हा प्रामाणिकपणा नव्हे. शिवाय आपण का आलो आहोत हे लपवणाऱ्या संस्थेवर लोकांचा विश्वास वाढत नाही, उलट संशय वाढतो.

तिसरा पर्याय दोन वेगळ्या तुकड्यांचा होता : मदत करणारे फक्त मदत करतील आणि सुवार्ता सांगणारे फक्त सुवार्ता सांगतील. याच्या समर्थनार्थ बायबलमधील 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा सहावा अध्याय पुढे आला. यरुशलेमच्या मंडळीत रोजच्या वाटणीत ग्रीकभाषिक विधवांकडे दुर्लक्ष होत असल्याची कुरकुर झाली, तेव्हा प्रेषितांच्या सांगण्यावरून मंडळीने त्या कामासाठी सात जण निवडले आणि प्रेषित स्वतः प्रार्थना व वचनसेवा यांसाठी मोकळे राहिले. यावर परिचारिकेने दाखवून दिले, की वाटणीसाठी निवडलेल्या त्याच सात जणांपैकी स्तेफन पुढल्याच अध्यायात यहुद्यांच्या महासभेपुढे साक्ष देतो आणि आठव्यात फिलिप्प शोमरोन प्रांतात सुवार्ता सांगत फिरतो. म्हणजे कामे वाटून दिली तरी माणसे दुभंगली नाहीत. शिवाय त्या अध्यायातील तक्रारच मुळी यादीबद्दलची, कोणाला वगळले गेले याबद्दलची होती, याकडे बैठकीत तोपर्यंत कोणाचे लक्ष गेले नव्हते.

यातून चौथा पर्याय आकाराला आला : माणसे वेगळी न करता यादी, जागा, वेळ आणि दप्तर वेगळे करायचे.

निर्णय आणि कृती

सर्वांत आधी यादी वडिलांकडून काढून घेण्यात आली. प्रत्येक गल्लीतून रहिवाशांनी निवडलेल्या दोन व्यक्ती, त्यांत निदान एक स्त्री, अशी समिती नेमली. निकष लिहून काढले आणि यादी मंडळीच्या आवाराबाहेर सार्वजनिक ठिकाणी लावली. निकष साधे होते : घराचे नुकसान, घरातील लहान मुले, वृद्ध व आजारी, कमावते माणूस गमावलेले असणे. वडिलांना हे अपमानास्पद वाटले. त्यांनी निःस्वार्थपणे रात्रंदिवस राबून याद्या केल्या होत्या आणि आता त्यांच्यावर अविश्वास दाखवला जात आहे, अशी त्यांची भावना झाली. संचालिकेने प्रत्येकाच्या घरी जाऊन समजूत घातली, तरी दोघे नाराज राहिले ते राहिलेच.

वाटपाची जागा सभागृहातून उंचावरच्या एका शाळेच्या पटांगणात गेली आणि वार बदलला. वाटपाच्या ठिकाणी प्रार्थना, पत्रके किंवा वचनांचे फलक असणार नाहीत, असे ठरले. ताडपत्र्यांवर छापलेले बोधचिन्ह तसेच राहिले, कारण मदत कोण देत आहे हे कळणे लोकांचा हक्क आहे, असे मदतसंस्थेनेही मान्य केले. कर्मचाऱ्यांची सकाळची प्रार्थना चालू राहिली. ती काम सुरू होण्यापूर्वी, लाभार्थी नसताना होत असे. रविवारची उपासना पूर्वीप्रमाणे खुली होती. मदत नाकारणाऱ्या गल्लीत परिचारिका आणि समितीतील एक सदस्य पुन्हा गेले आणि नव्या व्यवस्थेनुसार तेथेही वाटप सुरू झाले.

बाप्तिस्म्याच्या मागण्यांबाबतचा निर्णय सर्वांत अवघड गेला. 2011 मध्ये जागतिक मंडळी परिषद, व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवाद परिषद आणि जागतिक सुवार्तिक संघ यांनी बहुधर्मीय जगातील ख्रिस्ती साक्षीबद्दल संयुक्त शिफारशी प्रसिद्ध केल्या. धर्म बदलणे हे निर्णायक पाऊल असून त्यासाठी पुरेसा विचारकाल, तयारी आणि संपूर्ण वैयक्तिक स्वातंत्र्य असले पाहिजे, असे त्या सांगतात. इतक्या वेगवेगळ्या परंपरांनी मिळून हे म्हटलेले असल्याने पाळकांना त्याचा आधार घेता आला. मदतीचा शेवटचा टप्पा संपल्यानंतर सहा महिने उलटेपर्यंत कोणालाही बाप्तिस्मा दिला जाणार नाही आणि मधल्या काळात ज्याला इच्छा असेल त्याने शिक्षणवर्गाला यावे, असे त्यांनी जाहीर केले. सुवार्तिकाने लेखी विरोध नोंदवला. प्रेषितांच्या कृत्यांतील त्याच आठव्या अध्यायात फिलिप्पाने कूशी (इथिओपियन) अधिकाऱ्याला वाटेतच, पाणी दिसताच बाप्तिस्मा दिला होता. मग आपण कोण अडवणारे, असा त्याचा सवाल होता. याला पाळकांचे उत्तर मला पटण्यासारखे वाटते : तो अधिकारी राणीच्या खजिन्याचा कारभारी होता आणि फिलिप्पाकडून त्याला काहीही मिळण्यासारखे नव्हते.

देणगीदारांचा अर्ज

एक गाठ मात्र बैठकीच्या हातात नव्हती. सहयोगी मंडळीकडून येणाऱ्या निधीच्या अहवालात मदत मिळालेल्या कुटुंबांच्या संख्येशेजारीच प्रभूचा स्वीकार केलेल्यांची संख्या भरायची होती. एकाच कागदावर शेजारी-शेजारी असलेले हे दोन रकाने वर्षानुवर्षे भरले जात होते आणि प्रत्यक्ष कामावरचे कर्मचारी नकळत त्यांच्या दिशेने काम करीत होते. संचालिकेने दुसरा रकाना रिकामा ठेवून सोबत सविस्तर पत्र पाठवले. काही देणगीदारांना ते पटले. काहींनी, आम्ही समाजकल्याण खाते चालवत नाही, असे कळवून निधी थांबवला आणि अभ्यासवर्गांच्या एका शिक्षकाचा पगार त्यामुळे बंद पडला. तत्त्वाची किंमत ज्याने मोजली तो बैठकीत नव्हता, हे या प्रकरणाच्या अहवालांत कोठेही लिहिलेले सापडत नाही.

नियमाची दुसरी बाजू

नवी व्यवस्था नीट बसल्यावर एक वेगळाच प्रसंग घडला. पटांगणात रांगेत उभ्या असलेल्या एका वृद्ध गृहस्थाचा मुलगा पुरात गेला होता. ते अन्य धर्मीय होते. त्यांनी ताडपत्री घेताना एका तरुण स्वयंसेवकाला, माझ्या मुलासाठी तुमच्या देवाजवळ काही मागाल का, असे विचारले. स्वयंसेवकाने नियमाप्रमाणे, येथे प्रार्थना करण्याची परवानगी नाही, असे उत्तर दिले. ते गृहस्थ काही न बोलता निघून गेले आणि नंतर समितीतील शेजाऱ्याजवळ म्हणाले, की या लोकांनी घर दिले पण दुःखात शेजारी बसले नाहीत.

नियम नवीन होता आणि मोडण्याची भीती मोठी होती, त्यामुळे स्वयंसेवकाला दोष देण्यात अर्थ नाही. पण ज्याच्याकडून काही हिरावले जाण्याची शक्यता असते त्याच्या संरक्षणासाठी केलेला नियम येथे संस्थेच्याच संरक्षणासाठी वापरला गेला. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी 2005 च्या आपल्या पहिल्या परिपत्रकात म्हटले आहे, की मंडळीच्या नावाने सेवा करणारे आपला विश्वास दुसऱ्यावर कधीही लादणार नाहीत, आणि देवाविषयी कधी बोलावे व कधी मौन राखून प्रेमालाच बोलू द्यावे हे ख्रिस्ती माणसाला कळते. पुढचा सारा भार या कळण्यावर आहे, आणि ते कळणे नियमपुस्तिकेत बसवता येत नाही.

तरीही संस्थेने तो प्रयत्न केला आणि तो अगदीच वाया गेला नाही. नियमाला पुरवणी जोडली गेली : प्रार्थनेची वा विश्वासाबद्दलची विचारणा समोरच्याने स्वतःहून केली तर वस्तू त्याच्या हातात पडल्यानंतर, रांगेपासून दूर आणि त्याच्या सोयीने उत्तर द्यावे, बोलणे त्याने विचारले तेवढेच असावे, आणि त्याची नोंद कोणत्याही अहवालात करू नये. शेवटचे कलम परिचारिकेने सुचवले. ज्याची नोंद होत नाही त्याची स्पर्धाही लागत नाही, असे तिचे कारण होते.

निष्पत्ती

उपासनेची उपस्थिती वाटपाची जागा बदलल्यावर झपाट्याने घसरली, तरी पुरापूर्वीच्या पातळीपेक्षा थोडी वर स्थिरावली. पाच हजारांना भाकरी मिळाल्यावर लोक येशूच्या मागे आले, तेव्हा तुम्ही भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून मला शोधता, असे तो त्यांना सरळ म्हणाला. योहानाच्या शुभवर्तमानातील त्याच सहाव्या अध्यायाच्या शेवटी पुष्कळ शिष्य मागे फिरतात. पाळकांनी यावरच एका रविवारी प्रवचन केले आणि घटलेल्या संख्येमुळे खचलेल्या मंडळीला त्याचा उपयोग झाला.

बाप्तिस्मा मागणाऱ्या बहुतेक कुटुंबांनी सहा महिन्यांनंतर विषय काढला नाही. शिक्षणवर्गाला सातत्याने आलेल्या थोड्यांनी काढला आणि त्यांना बाप्तिस्मा मिळाला. एक कुटुंब मात्र वाट पाहायला लावल्याचा अपमान वाटून दुसऱ्या मंडळीत गेले. त्यांची श्रद्धा खरी होती असे पाळकांनाही वाटते. सुवार्तिकाने वर्षअखेरीस राजीनामा दिला. मदत नाकारणाऱ्या गल्लीतील स्त्रिया आता दवाखान्यात येतात. जिने प्रश्न विचारला होता ती विधवा उपासनेला पुन्हा आली नाही, आणि तिचे घर यादीतील क्रमानुसार दुरुस्त झाले.

काय वेगळे करता आले असते

जागा, वार, यादी आणि प्रार्थना यांबद्दलचे चार-पाच नियम पुराच्या आधी, शांत काळात लिहिता आले असते. तसे झाले असते तर वडिलांना ते आपल्यावरचा अविश्वास वाटले नसते, कारण तेव्हा अविश्वास दाखवण्यासारखे काही घडलेलेच नव्हते. संकट आल्यावर केलेला नियम कोणाच्या तरी विरोधात केल्यासारखा दिसतो.

तक्रारीची वाट पहिल्या दिवसापासून असायला हवी होती. 2014 च्या मानवतावादी कार्याच्या मूलभूत मानकात नऊ वचनबद्धता आहेत आणि त्यांतील पाचवी तक्रारींचे स्वागत व निवारण करण्याबद्दलची आहे. या संस्थेत तक्रार पोहोचली ती परिचारिका रुग्णांशी मोकळेपणाने बोलत होती म्हणून. ती रजेवर असती तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती आणि प्रार्थनेसह वाटप अखेरपर्यंत आत्मिक जागृती म्हणून नोंदले गेले असते.

सहा महिन्यांच्या मुदतीबद्दल माझे मत अजून पक्के झालेले नाही. सरसकट मुदत घालण्यात निःपक्षपातीपणा आहे, पण मदत न घेतलेल्या आणि पुरापूर्वीपासून उपासनेला येणाऱ्या माणसालाही ती लागू झाली, हे अनावश्यक होते. ज्याला संस्थेकडून काही मिळत नव्हते त्याला तरी वेगळे धरता आले असते.

सुवार्तिकाशी झालेला व्यवहार मला सर्वांत कच्चा वाटतो. त्याच्या लेखी विरोधाला लेखी उत्तर दिले गेले नाही. त्याला फक्त नियमाची प्रत मिळाली. लूकाच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे होतात आणि आभार मानायला एकच परत येतो, पण उरलेल्या नऊ जणांचे बरे होणे काढून घेतले जात नाही. हा उतारा बैठकीत कोणी त्याच्यापुढे ठेवला असता तर त्याला आपल्या कामाचे स्थान नव्या व्यवस्थेत दिसले असते : नऊ जणांचा हिशेब न मागता परत आलेल्या एकाजवळ बसण्यासाठी संस्थेत कोणीतरी लागतेच. त्याची जागा अद्याप भरलेली नाही आणि नव्या माणसाच्या नेमणूकपत्रात कामाचे मोजमाप कशाने करायचे, यावर मंडळाची चर्चा चालू आहे.